मोठ्या बाईंची वेणी

१२ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोन का करत नाहीस म्हणून रागावली आहेस ना? अगं, दिवसभर देणगीदारांशी फोनवर इतकं गोड बोलते, की संध्याकाळी तोंड उघडायचाही कंटाळा येतो. कुणाच्या गुडघ्याची चौकशी, कुणाच्या नातवाच्या निकालाचं कौतुक. याला आमच्या ऑफिसात नातं जोडणं म्हणतात. पत्रात निदान खरं लिहिता येतं.

आईकडे यायचं या महिन्यातही राहिलं. कारण पुन्हा मोठ्या बाईच. आमच्या कर्णबधिर मुलांच्या वसतिगृहाची नवी इमारत ज्यांच्या देणगीतून व्हायची आहे, त्या. पहिल्या भेटीला गेले तेव्हा त्यांचा हात प्लास्टरमध्ये होता आणि डोक्यावर केसांचा नुसता गुंता. मला राहवलं नाही. माहितीपत्रक बाजूला ठेवलं आणि वेणी घालून दिली. झालं! हात कधीच बरा झाला, पण मी वर्षभर दर रविवारी तिथे हजर. आमचे सेक्रेटरी म्हणतात, बाईंना तुझाच लळा आहे, तू गेलीस की देणगी गेली. दोनदा राजीनामा दिला, दोन्ही वेळा त्यांनी तो हसत खिशात घातला.

पावसाळ्यात मुलांच्या खोलीचं छत गळतं. पोरं बादल्या सरकवून मध्ये गाद्या घालतात, आणि मला बघून हात हलवतात. मग बाईंना नाही म्हणायला माझी जीभच अडते. इकडे आड, तिकडे विहीर. जीव गुदमरतो गं.

आई माझी आठवण काढते का? खरं काय ते लिही.

रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.
तुझी,
भिंगरी


२० जानेवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

खरं लिही म्हणालीस, म्हणून लिहिते. आई रोज विचारते, भिंगरी आली का? मी म्हणते, येईल हं इतक्यात. परवा तुझा फोटो दाखवला, तर ही कोण म्हणून मलाच विचारलं. फोटो ओळखत नाही, पण वाट तुझीच बघते.

केसांना मला हात लावू देत नाही. वेणी भिंगरीच घालेल, हा एकच हट्ट. मी कंगवा घेतला की डोक्यावर दोन्ही हात ठेवून बसते. आता पार जटा झाल्यात. महिनाअखेरीला पार्लरवाली घरी येणार आहे, केस कापूनच टाकणार. तुला वाईट वाटेल, मलाही वाटतंय. पण मी एकटी किती पुरी पडू?

लहानपणी एका जागी टिकायची नाहीस, म्हणून तुला भिंगरी म्हणायचो. आता बघावं तर खुंटीला बांधल्यासारखी! भीड भिकेची बहीण असते बाई, आणि तू तर मागण्याचाच पगार घेतेस. त्या मोठ्या बाईंना एकदा तोंडावर सांगून मोकळी हो. खाणार थोडीच आहेत तुला?

जेवत जा वेळेवर. तुझ्यावर चिडते तीही मायेनेच, हे विसरू नकोस.
तुझी,
ताई


२७ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सांगितलं एकदाचं! केस विंचरतानाच सांगितलं, म्हणजे तोंडाकडे बघावं लागत नाही. आई माझी वाट बघतेय, मला घरी जायचंय, पुढच्या रविवारपासून येणार नाही, इतकंच.

बाईंनी वळून माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी विचारलं, तुला आई आहे?

ताई, सेक्रेटरींनी त्यांना सांगून ठेवलं होतं, की ही पोर आईविना वाढलेली, तुमची वेणी घालून तिच्या जिवाला बरं वाटतं, तेवढं तिला येऊ द्या. माझं मन मोडू नये म्हणून बिचाऱ्या वर्षभर मान खाली घालून बसत राहिल्या! रविवारचा मैत्रिणींबरोबरचा पत्त्यांचा डावही बंद केला. वर म्हणतात, हात भारी जड आहे गं तुझा, बुधवारपर्यंत डोकं ठणकतं. आणि देणगीचं म्हणशील, तर ती त्यांनी पहिल्याच महिन्यात ठरवली होती. मी येत राहायची अट कसली, हे त्यांनी मलाच विचारलं. मला आधी हसूच फुटलं, मग जे रडू आलं ते आवरेना. जिवंत आईची मी लेक, आणि तिला मारून ठेवलं होतं गं त्या माणसाने!

मग त्यांनी विचारलं, आईची वेणी कोण घालतं? मी तुझ्या पत्रातलं सांगितलं. त्यांनी माझ्या हातातून कंगवा काढून घेतला, वेणी अर्धीच राहिली होती, ती तशीच सोडली, आणि मला ऊठ म्हणाल्या.

आज तिसरा राजीनामा दिला. सेक्रेटरी हसायच्या आत जे बोलायचं ते बोलून घेतलं आणि बाहेर पडले. इमारतीचं काम बाई आता स्वतः बघणार आहेत. मुलांचा निरोप घेताना मात्र पाय निघत नव्हता.

गुरुवारी पोचते. आईने मला ओळखलं नाही तरी चालेल. मी कोण ते मोठ्या बाईंना तरी कुठे ठाऊक होतं? त्यांची वेणी घातलीच ना वर्षभर. आता हात हलका ठेवीन.

लोभ आहेच, तो मी आल्यावरही राहू दे. पार्लरवालीला नको म्हणून सांग. आईच्या केसांना कात्री लावू नकोस.
तुझी,
भिंगरी