तिळाच्या चिक्कीची कढई व दिवा पूर्व येथील खोली यांबाबत

दिनांक ११ जानेवारी २०२५, शनिवार, सकाळचे दहा वाजून वीस मिनिटे. भाजलेले तीळ वर्तमानपत्रावर गार होत आहेत, तेवढ्या वेळात हे लिहायला बसलो आहे.

मी, आर्यन काळुराम शेलार, वय २५, अविवाहित, धंदा घरी तिळाची व जवसाची चिक्की करून विकणे, राहणार दिवा पूर्व, पूर्ण शुद्धीत आणि कोणीही भाग न पाडता माझ्या मागची व्यवस्था लिहून ठेवत आहे. सोमवारी ठाण्याला माझ्या पित्ताशयातील खड्यांचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणाले, "पाऊण तासाचं काम आहे, मग घरी जाऊन चिक्की कर." मी करणारच आहे. तरीही कागद केलेला बरा.

१. खोली. आईवडील गेल्यावर वाटणीत थोरला भाऊ मारुती याला कळव्याची जागा आणि मला ही खोली मिळाली. मी न लिहिल्यास ती त्याच्याकडे जाईल. ती मी माझी आत्या सगुणा धोंडू गोरे हिला देत आहे. आम्हा दोघांना तिनेच वाढवले. तिला येथून कोणीही हलवू नये.

२. जाड बुडाची कढई, लाटणे व चिक्की कापायची सुरी आत्याला. वजनकाटा खालच्या मजल्यावरच्या कांतामावशींना. पाकिटे भरताना त्या काट्यावर बोट ठेवत नाहीत. दादा ठेवतो.

३. गेल्या संक्रांतीला, वागळे इस्टेटमध्ये दादा कामाला आहे त्या वर्कशॉपला दिलेली साठ पाकिटे कडू निघून परत आली. त्याला साहेबांसमोर मान खाली घालावी लागली. तीळ आत्याने करपवले, तिला आता नीट दिसत नाही, असे मी त्याला सांगितले. ते खोटे होते.

पाक झाला का हे पाहायला त्याचा थेंब गार पाण्याच्या वाटीत टाकतात. तो कडक होऊन वाटीवर टणकन वाजला पाहिजे. त्या दिवशी टँकर आला नव्हता. पाणी वाचवायला मी प्रत्येक घाण्याला तीच वाटी वापरली. पाणी कोमट झाले, थेंब मऊच राहू लागला आणि मी पाक आटवत गेलो. करपला तो पाक. आत्याने एक तुकडा चावून विचारले, "पाणी बदललेलंस का रे?" मी म्हणालो, "हो." तिने पुन्हा विचारले नाही. दादालाही काही सांगितले नाही.

तेव्हापासून दादाचे एकच चालू आहे, "तिला दिसत नाही, गॅसपाशी कशाला उभी करतोस? गावाला पाठव." महाडचे १९ तारखेचे एसटीचे तिकीटही त्याने काढले आहे. गावी तिचे आता कोणी नाही. समोरचे तीळ आज तिनेच भाजले आहेत. मी चमच्याने पसरून पाहिले, एकही काळा नाही.

४. दादा मला चारचौघांत "चिक्कीवाल्या मावशी" म्हणाला होता, ते मी माफ केले आहे.

५. माझ्यामागे जो धंदा चालवेल त्याने चिक्कीचाच गूळ आणावा, भाजीत घालायचा नव्हे. दर घाण्याला वाटीतले पाणी बदलावे, टँकर येवो न येवो.

खोली आत्याला जात असल्याने तिची साक्ष घेतलेली नाही. दुसरा साक्षीदार म्हणून दादाला मुद्दाम बोलावले आहे. दादा, सही करण्याआधी कलम ३ वाच. तोंडाने सांगणे मला जमले नसते.

स्थळ: दिवा पूर्व
दिनांक ११ जानेवारी २०२५, दुपारी ४ वाजता, दोन्ही साक्षीदारांसमोर

(सही) आर्यन काळुराम शेलार

साक्षीदार १: (सही) हेमा विलास पाष्टे, शेजारी

साक्षीदार २: (सही) मारुती काळुराम शेलार. कलम ३ दोनदा वाचले. १९ तारखेचे तिकीट रद्द करतो. वजनकाट्याबद्दलचे मान्य नाही.