आईंची कोरडी बादली

अहो,

आईंना चक्कर आली, म्हणून शेजारच्या नर्सताईंच्या गाडीतून त्यांना दवाखान्यात नेतेय. शुद्धीवर आहेत. तुम्ही घाबरू नका.

भूकंपात गटाराची लाइन फुटून संडास बंद पडला, त्याला आज तिसरा दिवस. आईंच्या खोलीतली बादली रोज कोरडीच निघायची. मला वाटलं, त्या आपल्या दोघांच्या बादलीवरच जातात. माझा उपास बघून हसून म्हणाल्या होत्या, "माझाही धर गं, पुण्य अर्धं-अर्धं." आणि मी वेडी खूश झाले! त्या पाणीसुद्धा पीत नव्हत्या हो. आत्ता जिन्यात म्हणाल्या, "देवाला फुलं वाहणाऱ्या हातांनी माझी घाण उचलायची? त्यापेक्षा तहान परवडली." माझ्या पायांखालची जमीन पुन्हा एकदा हलली.

आता एवढं करा. त्यांच्या बादलीत दुहेरी पिशवी घाला. वर मोडक्या खुर्चीची चौकट बसवा आणि माझी जुनी साडी पडदा म्हणून बांधा. सुताराकडून भुसा आणून शेजारी ठेवा. दर वेळी दोन मुठी टाकायच्या. आपल्या दोघांच्या बादलीतली पिशवी घट्ट बांधून गच्चीवरच्या झाकणाच्या पिंपात टाका. संडासात ओतू नका, खालच्यांकडे वर येतं. मग साबणाने हात धुवा आणि देवापुढे दिवा लावा. माझा राहिलाय.

दिव्याआधी मी पाणी पीत नाही हे आईंना ठाऊक, म्हणून त्याही पेला तोंडाला लावेनात. शेवटी गाडीत त्यांच्यासमोर मी आधी प्यायले. तेव्हा कुठे त्या प्यायल्या.