झोरिनेत्सची दोनशे बारा माणसे

मी, मंदाकिनी नारायण टिपणीस, वय एकाहत्तर, निवृत्त इतिहास शिक्षिका, अविवाहित, राहणार रावपुरा, बडोदे, माझ्या मागे काय कोणाकडे जावे हे स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवते. दृष्टी अधू झाली आहे, स्मरण नाही. दडपण कोणाचेही नाही. राग आहे, तो माझा स्वतःचा आहे.

१. राहते घर वडिलांनी माझ्या एकटीच्या नावे केले. ते माझा धाकटा भाऊ लक्ष्मीकांत याला मिळावे, मात्र कलम दोनमधली अट पुरी झाल्यावरच. अट का, ते आधी सांगते.

खंडेराव मार्केटच्या मागे लाझार शुल्मान यांचे घड्याळदुरुस्तीचे दुकान होते. ते युक्रेनमधल्या झोरिनेत्स गावचे ज्यू. १९१९ च्या कत्तलीत वडील गेल्यावर ते देशाबाहेर पडले आणि फिरत फिरत बडोद्यास आले. १९४१ च्या सप्टेंबरात जर्मनांनी गावातले उरलेले सर्व ज्यू वीटभट्टीच्या खाणीपाशी नेऊन मारले. शुल्मान यांची एक चुलतबहीण वाचली. कोणत्या घरात शेवटी कोण होते, ते तिने पत्रांतून कळवले.

१९६१ पासून तीन वर्षे, दर रविवारी, शुल्मान यांनी ते गाव मला सांगितले आणि मी वह्यांत उतरवून घेतले. डोळे मिटून, रस्त्याने चालल्यासारखे. चामडे कमावणाऱ्यांची गल्ली, शिंप्यांचे निराळे प्रार्थनाघर, मंगळवारचा घोडेबाजार, पुढे तिथल्या सरकारने बंद करून धान्याने भरलेले मोठे प्रार्थनाघर. घरामागून घर, आणि घरातली माणसे. मी चहाला उठले की म्हणत, "बसा ने, मंदाबेन. या घरात अजून दोन पोरं आहेत."

१९६५ साली ते वारले. पुढे मी शस्त्रक्रियेसाठी दवाखान्यात असताना वह्या लक्ष्मीकांतकडे टंकलेखनास दिल्या. तो ग्रंथपाल. त्याने घरांचा क्रम मोडून सगळी नावे अकारविल्हे लावली. आई एका पानावर गेली, मूल दुसऱ्या. तेच नाव पुन्हा दिसले तिथे लाल पेन्सिल फिरवली. १९६९ साली पुस्तक त्याच्या नावाने निघाले. शाल मिळाली.

मी विचारले तेव्हा म्हणाला, "ताई, तीच तीच नावं होती. तुझ्याकडून दोनदोनदा लिहिली गेली असणार. मी साफ केली."

त्या लोकांत गेलेल्या आजोबांचे नाव नातवाला ठेवतात. एका आजोबांचे चार नातू, चौघांचे नाव एक, आडनाव एक. वह्यांत दोनशे बारा ठिकाणी लाल रेघ आहे. मी म्हटले, "तुझं नाव आपल्या आजोबांचं. तुला दुरुस्ती म्हणून खोडू का?" तो हसला. ते हसणे मी विसरलेले नाही.

२. न विकलेल्या एकशे चाळीस प्रती माझ्या कपाटात आहेत. लक्ष्मीकांतने माझ्या मृत्यूपासून एका वर्षात त्या प्रत्येक प्रतीत ती दोनशे बारा नावे, घर आणि वय यांसह, स्वतःच्या हाताने लिहावीत. छापून, चिकटवून किंवा मुलांकडून लिहवून चालणार नाही. रोज ऐंशीच्या वर नावे पडतील. अक्षर चांगले आहे, शाळेत बक्षीस होते.

३. प्रती तपासण्याचे काम माझी विद्यार्थिनी, वकील निरुपमा हिच्याकडे. ती म्हणाली, "बाई, काका पासष्टचे आहेत. हात चालेल का?" मी म्हटले, सत्काराला तोंड चालले तेवढा चालेल.

४. अट मोडल्यास घर विकावे आणि वह्या जशा आहेत तशा, घरांच्या क्रमाने छापाव्यात. लाल रेघेखालची नावे ठळक असावीत, आणि रेघ कोणी ओढली ते पहिल्या पानावर लिहावे.

५. वहिनी शालिनी हिला माझ्या बांगड्या आणि शिवणयंत्र, विनाअट. तिने पुस्तक वाचले नाही आणि वाचल्याचे सांगितलेही नाही.

६. माझ्या अंत्यविधीस लक्ष्मीकांतने यावे. भाषण करू नये.

७. त्याने सर्व प्रती लिहिल्या तर घर त्याचे. मी त्याला क्षमा केली, असा अर्थ मात्र कोणी काढू नये. ती देणे माझ्या हाती नाही. नाव लिहिताना ज्याचे त्याच्याकडे मागावी.

सही: मंदाकिनी नारायण टिपणीस

आमच्या समक्ष वाचून सही केली:
१. जयसिंगराव मोहिते, शेजारी
२. सुनंदा कर्णिक, निवृत्त शिक्षिका

बडोदे, ११ जुलै १९७९