पुढच्या दांडीचं वजन

लॅन्डर, वायोमिंग
३ डिसेंबर

प्रिय लायल,

टेसचा खोकला आता उतरला असेल. तिने बांधून दिलेला भोपळ्याचा गोड पम्पकिन पाय आम्ही शनिवारपर्यंत पुरवून खाल्ला, तिला सांग. इकडे तीन दिवस वारा नुसता पिसाळलाय. शेजारच्यांचं पत्र्याचं शेड आमच्या कुंपणाला येऊन टेकलं होतं, ते हार्लनने आणि त्यांनी मिळून परत नेलं. माझा खांदा बरा आहे. हात डोक्यापर्यंत जातो, केस विंचरण्यापुरता. डॉक्टर म्हणतात याहून वर जाणार नाही, आणि या वयात मला वर नेऊन करायचंय तरी काय.

फोन सोडून पत्र का, असं तुला वाटेल. फोनवर तू मला एक वाक्य धड पुरं करू देत नाहीस. लहानपणापासूनची खोड आहे तुझी आणि पुढे तिच्यावरच तुझं पोट चाललं. कागदावर तुला मध्ये बोलता येणार नाही.

हार्लन सकाळी साडेपाचला अजूनही उठतो. कॉफी करतो, थर्मास भरतो आणि मग खिडकीशी बसून तोच थर्मास पितो. सहा चाळीसला शाळेची चौदा नंबरची बस कोपऱ्यावरून वळते. आता ती कोणी नवी मुलगी चालवते. वळण जरा मोठं घेते, एवढंच तो म्हणाला, तेही एकदाच. एकतीस वर्षं त्याने त्या बसला साधा ओरखडा येऊ दिला नाही, लायल. गावातल्या अर्ध्या लोकांना त्याने पहिलीच्या वर्गात नेऊन सोडलंय. आता तेच लोक दुकानात त्याच्याशी जरा जास्तच गोड बोलतात.

मला मे महिन्यापासून सुरुवात करू दे.

आम्ही तुझ्या ट्रेलरच्या दुकानात, लॉटवर आलो तेव्हा हार्लनच्या खिशात घडी केलेला कागद होता, आठवतं? फिरतीवर राहायचा सोळा फुटी ट्रेलर, दोन माणसांपुरता. त्याने महिनाभर बसून आमच्या पिकअपला काय झेपेल ते मांडलं होतं. तू तो कागद वाचलास आणि हसलास. "काय ड्रायव्हरसाहेब, एवढी वर्षं थांबवून बायकोला खुराड्यात झोपवणार?" आणि आम्हाला तो तेवीस फुटी दाखवलास. खिडकीशी टेबल, उभं राहून आंघोळ करता येईल अशी न्हाणी. मला तो आवडला. हे मी नाकारत नाही, आणि आवडला हे माझ्या तोंडावर दिसलं असणार. तुझं लक्ष माझ्याच तोंडाकडे होतं.

हार्लनने विचारलं, आमची मध्यम पिकअप आहे, हिला पेलेल का? तू पुस्तिका उघडून आकड्यावर बोट ठेवलंस. सहा हजार आठशे पौंड ओढते, ट्रेलर रिकामा चार हजार नऊशे. मग त्याने ड्रायव्हरच्या दारातल्या पिवळ्या स्टिकरबद्दल विचारलं. ओढणं वेगळं आणि पाठीवर घेणं वेगळं, ट्रेलरची पुढची दांडी पिकअपवर जेवढी रेलते ते वजन पाठीवरचं धरायचं, आणि त्यातच आम्ही दोघं आणि मागचं सामान, हे त्याने कुठेतरी वाचलं होतं. स्टिकरवर तेराशेच लिहिलंय, म्हणाला. तू त्याच्या खांद्यावर हात टाकून म्हणालास, "तो आकडा वकिलांसाठी असतो रे."

मी हसले. तो गप्प बसला, कारण तू माझा भाऊ.

ऑगस्टमध्ये निघायच्या आदल्या दिवशी तू मुद्दाम कॅस्परहून आलास. सगळं भरून तयार होतं. जनरेटर, पाण्याचे कॅन, माझे बीडाचे तवे आणि बरण्या, हार्लनने सगळं ट्रेलरच्या पुढच्या बाजूला लावून पट्ट्यांनी बांधलं होतं. तू म्हणालास, तुम्ही जेवून घ्या, मी ट्रकवाल्यांच्या काट्यावर वजन करून आणतो. दोन तासांनी आलास आणि वजनाची चिठ्ठी आमच्या फ्रिजवर लावलीस. "बघ रो, सगळं मापात. उगाच घाबरत होता तुझा नवरा." मला इतकं बरं वाटलं की मी तुला उरलेला मीटलोफ डब्यात घालून दिला.

दुसऱ्या दिवशी साउथ पासच्या घाटात, उतारावर काय झालं ते तुला ठाऊक आहे. एक मोठा ट्रक शेजारून गेला, त्यामागून वारा आला आणि ट्रेलरचं शेपूट हलायला लागलं. आधी थोडं, मग इतकं की आरशात तो एकदा या बाजूला दिसायचा, एकदा त्या. हार्लन ओरडला नाही. त्याने गॅसवरचा पाय काढला, स्टिअरिंग सरळ धरलं, एका हाताने ट्रेलरचा ब्रेक दाबून पाहिला. जे करायचं ते सगळं केलं. मग आम्ही गाडीसकट आडवे झालो.

आज इतकंच. खांदा दुखतोय.

४ डिसेंबर

काल खांद्याचं खोटं सांगितलं. दुखत नव्हता. पुढचं लिहायचं धाडस होत नव्हतं.

सोमवारी मी हार्लनची बसची वही शोधत होते. शाळेच्या ऑफिसातून मागितली होती, किल्ल्यांसोबत जमा करायला. त्या वहीत ऑगस्टच्या पानात वजनाची एक चिठ्ठी होती. मला वाटलं फ्रिजवरचीच. पण फ्रिजवरची जागेवर होती. दोन्ही त्याच दिवसाच्या, त्याच काट्याच्या. वहीतली दुपारी बारा वाजून दहा मिनिटांची, फ्रिजवरची एक पन्नासची.

मला आकडे कळत नाहीत असं तू समजतोस. शाळेच्या स्वयंपाकघरात चारशे पोरांचं जेवण मी मोजून केलंय, लायल. बारा दहाच्या चिठ्ठीत पिकअपच्या मागच्या चाकांवर मर्यादेपेक्षा चारशे पौंड जास्त होते. एक पन्नासला सगळं मापात, आणि एकूण वजन मात्र तेवढंच. म्हणजे तू काहीही उतरवलं नाहीस. जनरेटर, पाणी, तवे, सगळं उचलून ट्रेलरच्या पार मागे, पलंगाखाली ढकललंस, म्हणजे पुढची दांडी हलकी होईल आणि चिठ्ठीवर आकडा गोड दिसेल.

एखाद्या नवशिक्याने हे केलं असतं तर मी चूक म्हटलं असतं. पण तू दर वसंतात नव्या गिऱ्हाइकांना खेळण्याएवढा लाकडी ट्रेलर उतरत्या फळीवर सोडून दाखवतोस. वजनाचा लोखंडी नट पुढे लावला की सरळ जातो, मागे लावला की शेपूट हलवत पालथा पडतो. मी स्वतः तिथे उभी राहून टाळ्या वाजवल्यात. तुला माहीत होतं. तुला तो सांभाळून परत नेता आला असता. म्हणाला असतास, रो, हा तुमच्या गाडीला मोठा आहे, सोळा फुटी घेऊन जा, तर आम्ही तुझे पाय धरले असते. पण हंगामातला सगळ्यात मोठा ट्रेलर तू विकला होतास आणि त्याची पाटी तुझ्या टेबलामागे लागली होती. बहिणीसमोर शब्द मागे घ्यायची तुला लाज वाटली. माझ्या जिवापेक्षा तुझी लाज मोठी निघाली.

आता माझं.

हॉस्पिटलात पोलीस विचारायला आला तेव्हा तू माझ्या उशाशी बसला होतास. त्याने विचारलं, वेग किती होता. मी सांगायच्या आत तू म्हणालास, "उतारावर जरा जोरातच होती ना गं?" आणि मी म्हणाले, हो. मी त्याला हळू चालव म्हणत होते.

मी तसं एकदाही म्हणाले नव्हते. वेगाचा काटा पन्नास मैलांवर होता, मी पाहिला होता. मला औषध दिलं होतं हे खरं, पण मला शुद्ध नव्हती असं मी म्हणणार नाही. तुझ्या तोंडून ते इतकं सोपं वाटलं. तू चिठ्ठी दाखवली होतीस, सगळं मापात होतं, मग दोष कोणाचा तरी असायला हवा होता. माझ्या त्या एका वाक्यावर अहवालात लिहिलं गेलं की चालकाने वाऱ्यात वेग आवरला नाही. असा शेरा असलेल्या माणसाला पोरं भरलेली बस कोण देणार? त्याने आपणहून राजीनामा दिला, कोणाला काढायची वेळ येऊ दिली नाही.

आणि मागच्या आठवड्यात थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला तू सगळ्यांसमोर म्हणालास की ड्रायव्हरसाहेबांना बटाटे जपून द्या, वळणावर सांडतात. टेबलभर हशा झाला. मीही हसले. हार्लनने बटाट्यांचं भांडं तुझ्याकडे सरकवलं.

सोमवारी ती चिठ्ठी मी त्याच्यासमोर ठेवली. तो बुटाला मेण लावत होता. मी विचारलं, ही कधीपासून आहे तुझ्याकडे.

"ऑगस्टपासून. मोडक्या गाड्यांच्या आवारात सामान आणायला गेलो तेव्हा पिकअपच्या दाराच्या कप्प्यात सापडली. जनरेटर मागे होता. मी पुढे बांधला होता."

"मग बोलला का नाहीस?"

त्याने बूट खाली ठेवला. "पोलिसाला तू सांगत होतीस तेव्हा मी दारात उभा होतो, रो. तुझ्यासाठी कॉफी आणली होती."

मी म्हणाले, निदान लायलचं तरी सांगायचंस. तो म्हणाला, "तुझ्या आईवडिलांमागे तुला तो एकच आहे. मला बस नसली तर चालेल." आणि पुन्हा बूट हातात घेतला. त्याच्या आवाजात राग असता तर मला सोसला असता.

चार महिने, लायल. चार महिने त्याने माझा भाऊ माझ्यासाठी जपला आणि मी त्याच्याच शेजारी बसून त्याला हसत होते. तू मला फसवलंस याचा संताप इतका आहे की लिहिताना कागद फाटतो. पण तुझं नाव घेऊन मला सुटता येत नाही. तू मला एक खोटं हातात दिलंस आणि मी ते माझ्या नवऱ्यावर चालवलं.

काल सकाळी मी पोलीस चौकीत गेले. माझा जबाब बदलून दिला. वेग पन्नास होता, मी हळू चालव म्हटलं नव्हतं, हे माझ्या हाताने लिहिलं. दोन्ही चिठ्ठ्या दिल्या आणि काट्यावर गाडी कोणी नेली होती, सामान कोणी हलवलं, तेही सांगितलं. तिथला माणूस म्हणाला, बाई, आधीचं खोटं होतं असं लिहून दिलंत तर तुम्हालाही विचारतील. मी म्हटलं, विचारा. गुरुवारी संध्याकाळी शाळेच्या मंडळाची बैठक आहे. तिथे उभी राहून गावासमोर हेच सांगणार आहे. बस परत मिळेल की नाही ते मला ठाऊक नाही. एकसष्ट वर्षांच्या माणसाला बहुधा नाहीच मिळणार.

हार्लनला मी अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तर तो मला थांबवेल, तुझ्यासाठी नाही, माझ्यासाठी. तू फोन करू नकोस. केलास तर तो उचलेल आणि तुझ्याशी नीट बोलेल, आणि ते मला आता ऐकवणार नाही. नाताळाला येऊ नका. टेस तुझी बायको आहे, तिला काय सांगायचं ते तुझं तू ठरव, मात्र या वेळी खरं सांग.

त्याने तुला माझ्यासाठी वाचवलं होतं. मी तुला वाचवणार नाही.

हार्लनची बायको,
रोवेना