सोंगाड्यानं सांगितलं होतं

वस्ताद, तुमच्यावर माझा राग आहे आणि तो पन्नास वर्षांत उतरलेला नाही. वय झालं की माणूस निवतो म्हणतात. मी निवलो नाही. अजून कधीतरी जेवताना घास हातातच राहतो आणि वाटतं, तुम्ही आत्ता समोर असता तर गचांडी धरून विचारलं असतं, हे काय करून बसलात म्हणून. मग कळतं की गचांडी माझी धरायला हवी. सातारा-सांगलीकडच्या निम्म्या गावांना हसवून बेजार करणारा सोंगाड्या आपल्या हातानं जीव देऊन गेला, आणि त्याच्या तेराव्याला त्याच्या मुलीनं मला एकच गोष्ट विचारली, तर मी तिच्याशी खोटं बोललो. ते खोटं मी जवानीपासून या वयापर्यंत सांभाळलं. काल त्यातलं थोडं बाहेर पडलं, म्हणून आज उरलेलं लिहायला बसलोय.

तुम्ही मला तमाशाच्या फडात घेतलंत तेव्हा लढाई चालू होती आणि घरटी एक माणूस पलटणीत होता. वगात मी राजा आणि तुम्ही माझे हुजरे. राजानं उठल्याबसल्या हुजऱ्याला बडवायचं आणि गावानं हसून लोळायचं, एवढाच आपला धंदा. बडवायला चामड्याचा दुपदरी पट्टा होता. दोन पदर एकमेकांवर आपटून आवाज मोठा निघायचा, अंगाला फारसं लागत नसे. आष्ट्याबाहेर आपल्या बैलगाड्या सोडल्या होत्या तिथं उन्हात उभं करून तुम्ही मला मारायला शिकवलंत. पहिल्याच दणक्याला माझं तोंड कसनुसं झालं, तर तुम्ही उलटून माझ्या कानफटात अशी दिलीत की संध्याकाळपर्यंत कानात भुंगा फिरत होता. "राजा हायस का जावाय? तुला वाईट वाटलं की त्यास्नी बी वाईट वाटतंय. मग हसंल कोण?" असं म्हणालात, आणि पुन्हा पाठ पुढं केलीत. वाईट न वाटता मारायचं मी महिनाभरात शिकलो. चांगला शागीर्द होतो मी, वस्ताद. तुम्ही शिकवलेलं काही विसरलो नाही, हेच तर दुखणं आहे.

तुमची आणखी एक रीत होती. नवा विनोद तुम्ही विनोद आहे असं सांगून कधी सांगत नसा. चहा पिताना, दाढी करताना, गाडीचं चाक घालताना साध्या तोंडानं सहज बोलून टाकायचात आणि समोरच्याकडे बघायचात. तो हसला की तुम्ही "लागलं" म्हणायचात, आणि तो शब्द दुसऱ्या दिवशी वगात. न हसला तर शब्द गेला वाऱ्यावर. फडातल्या ढोलकीवाल्यापासून स्वयंपाकाच्या बाईपर्यंत सगळ्यांवर तुम्ही हा प्रयोग करत होतात. त्यामुळे तुमच्या कुठल्याही बोलण्यावर आधी हसून घ्यायची आम्हा सगळ्यांना खोड लागली होती. तुम्ही पोटात दुखतंय म्हणालात तरी आम्ही हसायचो, आणि तुम्हाला खरंच पोटशूळ होता.

माणदेशातला तो दिवस आठवतो का? जाऊ दे, काय विचारतोय मी. दहिवडीच्या पलीकडं माळावर आपला मुक्काम आहे. सकाळची वेळ आहे, मेंढरं पाण्यावर आलीत, आणि दोन मेंढके तुम्हाला विहिरीतून ओढून काढून आमच्यापुढं आणून टाकतात. तुम्ही जिवंत आहात, थरथरताय, डोक्याला खोक पडलीय. कुणीतरी घोंगडं टाकायला हवं होतं अंगावर. त्याऐवजी फडमालक ओरडला, "पट्टा आण." तेव्हा जीव द्यायला जाणं हासुद्धा गुन्हा होता. पोलीस पाटलाला कळलं तर चौकशी, फड बंद, वीस माणसं उपाशी, एवढंच आम्हाला दिसत होतं. आणि माराला भिऊन माणूस पुन्हा असलं करत नाही, असा आमच्या मोठ्यांचा पक्का समज होता. चौघांनी तुम्हाला धरलं. मारलं मी. पट्ट्याचा एक पदर मालकानं हातानंच उसवून काढला होता, त्यामुळे आवाज कमी आणि मार खरा. "पुन्हा जाशील? पुन्हा करशील?" मालक विचारत होता आणि मी मारत होतो. ओल्या सदऱ्यातून रक्त दिसायला लागलं तरी मारत होतो. भीतीनं मारत होतो, पण हात चालतच होता. तेव्हा तुम्ही मान वर करून म्हणालात, "हळू मारा की रं, हितं हसाय कोण न्हाई." आणि आम्ही हसलो. धरणारे हसले, मालक हसला, माझ्या हातातून पट्टा गळून पडला. मार थांबला. जीव वाचवायला तुम्हाला विनोद करावा लागला, आणि आम्ही समजलो की माणूस ताळ्यावर आला. त्या दिवसानंतर फडात कुणी एका शब्दानं तुम्हाला विचारलं नाही की का गेला होतात.

पुढच्याच उन्हाळ्यात आष्ट्याच्या बाजूला एका गावची जत्रा होती. जत्रेचा तमाशा झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी देवळापुढं हजेरी द्यावी लागते. अंग मोडलेलं असो, ताप असो, फडानं देवापुढं दिवसाउजेडी पुन्हा उभं राहायचंच. तुम्ही बाभळीखाली आरसा टांगून तोंडाला पावडर लावत होतात आणि मी फेटा बांधत होतो. तुमच्या लग्नातला जरीचा फेटा. त्याच आठवड्यात तुम्ही तो मला देऊन टाकला होता. राजाला शोभंल म्हणालात, आणि मी खुळ्यासारखा खूश झालो होतो. आरशातून माझ्याकडं न बघता तुम्ही म्हणालात, "गड्या, आता लय कंटाळा आलाय बघ. सकाळी उठलं की वाटतंय, कालच मेलो असतो तर आजची हजेरी तरी चुकली असती." मी हसलो. मोठ्यानं हसलो. तुम्ही वळून माझ्याकडं जरा जास्त वेळ बघितलंत आणि म्हणालात, "लागलं म्हण की." तासाभरानं तेच वाक्य तुम्ही देवळापुढं म्हणालात. पोरं झाडावरून पडायची राहिली. पलटणीतून रजेवर आलेले गडी एकमेकांच्या पाठीत बुक्क्या घालत हसत होते. एक जण ओरडला, "राजा, मार त्येला, मेला न्हाई अजून." मग तुम्ही वाकून माझ्या कानात म्हणालात, "खरं मार." मी पट्टा उलटा धरला आणि मुठीकडच्या जाड बाजूनं मारलं. गाव आणखी हसलं.

तिसऱ्या दिवशी तुम्ही कुंडलला घरी गेलात आणि गेलातच. कसे गेलात ते मी कुणाला सांगत नाही, इथंही लिहिणार नाही. लोक पहिल्यांदा तेच विचारतात आणि मला त्यांचं डोकं फोडावंसं वाटतं. एकदा फोडलंही. आष्ट्यात चहाच्या हॉटेलात एक जण चार माणसांपुढं तुमची नक्कल करत होता, तुम्ही शेवटी काय केलं असेल त्याची. मी त्याच्या तोंडावर किटली घातली, तो पडल्यावर त्याच्या छातीवर बसलो आणि दोन दात पाडले. लोकांनी ओढून काढलं तेव्हा माझी मूठ त्याच्या दातांनी फाटली होती. सगळे म्हणाले, शागीर्द असावा तर असा. मला माहीत होतं, मी दुसऱ्याच कुणाला तरी मारत होतो. आणि लोकांनी कारणं काय काय काढली. कुणी म्हणालं तुमचा मुलगा लढाईत गेला म्हणून, कुणी म्हणालं दारू, कुणी म्हणालं देवाचं काही राहिलं असेल. मुलगा तर कितीकांचा गेला होता. एकाच कारणानं माणूस जात नाही. कारणं साठत जातात, आणि माणूस त्यांतलं एखादं उचलून आपल्याला दाखवतो, तेव्हा बघायचं असतं.

तेराव्याला तुमची मुलगी माझ्यापुढं उभी राहिली. रडून डोळ्यांच्या खाचा झाल्या होत्या. म्हणाली, "दादा, तू रोज संगं हुतास. बाबा काय बोलले न्हवते का रं? एक शबूद तरी?" मी म्हणालो, "न्हाई आक्का. कुणालाच काय बोलले न्हाईत." तिचा जो चेहरा झाला तो मी मेल्यावर बरोबर घेऊन जाणार आहे. बापानं आपल्याला काही सांगण्याच्या लायकीचं मानलं नाही, असं ती पन्नास वर्षं मानत आली. आणि मी काय केलं? तुमच्या जागी नवा सोंगाड्या आला तेव्हा ते हजेरीचं वाक्य मी त्याला शिकवलं. चार वर्षं ते वगात चाललं. प्रत्येक गावात लागलं. मग एका सकाळी मी फेटा सोडून ठेवला, घरी आलो आणि शेती धरली.

तेव्हापासून एक सवय लावून घेतली. कुणी हसत हसत म्हणालं की आता पुरे झालं बाबा, देवानं उचललं तर बरं, तर मी हसत नाही. विचारतो. गावात मला यावरून चिडवतात, याच्यापुढं मरणाचा विषय काढू नका, पोलिसासारखी जबानी घेतो म्हणून. गेल्या वर्षी शेजारचा हवालदार, पेन्शनीत निघालेला, अख्ख्या आळीला हसवणारा माणूस, बंदूक साफ करायची आपली चांगली पेटी, घड्याळ, सगळं वाटत सुटला. मी त्याच्या अंगणात जाऊन बसलो आणि सरळ विचारलं, "हवालदार, जीव द्यायचं मनात येतंय का?" त्याची बायको दारातून अंगावर आली, "आवं, असलं इचारू नगा, नसलेलं मनात यील." नसलेलं येत नाही वस्ताद, असलेलं बाहेर येतं. हवालदार अंगठ्यानं जमीन उकरत म्हणाला, "व्हय." मी त्याला उपदेश केला नाही. पोराबाळांची शपथ घातली नाही. भ्याड म्हणालो नाही. त्याच्या भावाला निरोप धाडला, तो येईपर्यंत तिथून हललो नाही, हवालदार बोलला ते ऐकलं. भावानं घरातली बंदूक आपल्याकडं नेऊन ठेवली आणि आम्ही दोघांनी त्याला सांगलीला डॉक्टरकडं नेलं. औषधाला वेळ लागला. मध्ये दोनदा बिघडलं, पुन्हा नेलं. आता रोज सकाळी शेळ्या घेऊन जाताना मला शिवी हासडून जातो. ती शिवी ऐकल्याशिवाय मला चहा गोड लागत नाही. इतकंच करायचं होतं. विचारायचं, बसायचं, आणि एकट्यानं न पेलता चार माणसं गोळा करायची. त्यात पट्ट्याचं काही काम नव्हतं.

काल तुमची मुलगी आली होती. कुंडलहून एसटीनं एकटी आली. गुडघे गेलेत, पण पाठ तुमच्यासारखी ताठ आहे. ओसरीवर बसली, चहा घेतला. मग म्हणाली, "दादा, आता आपुन दोघं बी काठावर. शेवटचं इचारती. बाबा खरंच काय बोलले न्हवते?" मी म्हणालो, "बोलले हुते आक्का. मला बोलले. हजेरीच्या आदी, बाभळीखाली. मला वाटलं नवा इनोद हाय. मी हसलो." ती रडली, आणि रडता रडता तिचं तोंड उजळलं. म्हणाली, "म्हंजी बोलले हुते. कुणाला तरी बोलले हुते." मग माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, "तुजी काय चूक? त्यांचं बोलनंच तसं हुतं. कुणी बी हसलं असतं." पन्नास वर्षांचं ओझं तिनं माझ्या अंगावरून उतरवलं आणि पाचच्या गाडीनं गेली.

हे पत्र तिला वाचून दाखवायचं म्हणून सुरू केलं होतं. दाखवणार नाही, आता तिला झोप लागत असेल. पण तिनं माफ केलं ते अर्ध्याच गोष्टीला. वस्ताद, तुम्ही वळून बघितलंत तेव्हा मी तुमचे डोळे बघितले होते. माणदेशात विहिरीतून काढलं तेव्हाचेच डोळे होते ते. मला कळलं होतं. गाव जमलं होतं, ढोलकी सुरू झाली होती, आणि विचारलं तर तुम्ही खरं सांगाल, याची मला भीती वाटली. म्हणून मी हसलो.