कोरडा बिछाना

॥ श्री ॥
सावली, २० जून २०२४

चि. सौ. दिव्यानीस,
आईचे अनेक आशीर्वाद. गावचा टॉवर बंद, कोणाचाच फोन लागत नाई, म्हणून आपल्या प्रणितच्या हाती आंब्यांसोबत ही चिठ्ठी.

तुझा बोका भुऱ्या इथी ठेवून गेलीस, पण त्यानं आठवडाभर मले छळलं. घडीघडी देव्हाऱ्याखाली बसे, जोर लावे, थेंबभर गुलाबी मुते नि ओरडे. झाडूनं हाणलं, ऐकेना. मग एकादशीला माझी निर्जळी, तशी त्याचीही केली. पाण्याची वाटी उचलली, खायला सुके झिंगे. गुण आला. कालपासून एक थेंब नाई. कोपऱ्यात गुपचूप पडून असते.

तुझ्या आजीलेही हाच उपाय लागू पडला. अंथरुणाला खिळल्यापासून रोज तीन गोधड्या भिजवत होत्या. आता गडू त्यांच्या हातापासून दूर ठेवते. बिछाना कोरडा असते. शेजारची रीना तारीफ करून राह्यली.

जावयांस आशीर्वाद. माया पातळ करू नको.
तुझी आई, प्रेमिला


गडचांदूर, २१ जून

ती. आईस,
सा. न. वि. वि. चिठ्ठी वाचून जनावरांच्या डॉक्टरकडे धावले. ते म्हणाले, त्याची लघवी अडकली आहे. थेंबही नाई म्हणजे गुण नाई, विष अंगात चढून राह्यलं. आजच दवाखान्यात ने.

आजीचंही विचारलं. आपण माणसांचे डॉक्टर नाही म्हणाले.

आई, तुले लेकरं, जनावरं, म्हातारी, सगळी कोरडी पाहिजेत. लहानपणी गादी ओली केली म्हणून माझंही पाणी तोडलं होतंस. मी देवाच्या तांब्यातलं चोरून प्यायची. आजीचा गडू तिच्या हातात दे. ही चिठ्ठी घेऊन प्रणितला लगेच परत पाठवते.

लोभ आहेच असं समज.
दिव्यानी


सावली, २२ जून

चि. सौ. दिव्यानीस आशीर्वाद.
चिठ्ठी पोचायच्या आधीच भुऱ्या गेला. मोरीची ओली फरशी चाटत होता, तिथीच. मोहाच्या झाडाखाली पुरला.

सकाळी आजीले गडू दिला. दोन गडू एका दमात प्याल्या नि म्हणाल्या, सून पुण्यवान आहे. दुपार झाली, दिवस कलला, गोधडी कोरडीच. दर घंट्याले हात घालून पाहते. गडचिरोलीले न्यायला प्रणित गाडी पाहून राह्यला. रीनाचा नवरा सोमाजी तिकडे येत आहे, ही चिठ्ठी त्याच्या हाती. त्याच्यासोबतच निघ.

वर्षभर देवाजवळ जे मागितलं ते त्यानं दिलं. आता त्याच्याच पुढं बसून ओली गोधडी मागते.

लोभ ठेव म्हणायले तोंड नाई.
आई