सात नावं कमी

४ नोव्हेंबर, सकाळी ६.१०
मागच्या वेळी चार मतांनी ग्रामपंचायतीवर निवडून आलो. लोक त्याला नशीब म्हणतात. लोकांना अक्कल नाही. हरलेला जयसिंग यंदा पुन्हा उभा राहतोय. पहिल्या टर्मचा मेंबर पडतोच, असं पार पलीकडच्या भरे गावापर्यंत सांगत फिरतो. मी अपवाद आहे.
वॉर्डातल्या ३१२ मतदारांची वही केली. रकाने: पक्के, डळमळीत, जयसिंगचे.
संकल्प: रोज दहा घरं. गोड बोलणे.

५ नोव्हेंबर
तीन घरं. इंदूबाईनं दारातच विचारलं, गटारावर झाकण कधी? म्हटलं, ठराव झालाय. म्हणाली, "मग पोरं ठरावावरनं चालवू का?" कृतघ्न वॉर्ड.

९ नोव्हेंबर
मोठा शोध. धुळाजी धनगराची मेंढरं तीन दिवस जयसिंगच्या रानात खतासाठी बसवलीत. म्हणजे त्या घरातली सात मतं गेली. पोतंभर तांदळासाठी इमान विकणारी माणसं! आई म्हणाली, "अरे, मेंढरं गेली तिकडं. माणसं कुटं गेली?" आईला राजकारण कळत नाही.
आज घरं: शून्य. विचार चालू होता.

१८ नोव्हेंबर
धुळाजी कुटुंबासह मेंढरं घेऊन कोकणात उतरला. सहा महिने गावात नसतो, मग मतदार कसला? तालुक्याला जाऊन नावं कमी करण्याचे सात फॉर्म भरले. एक खाडाखोड नाही. क्लार्क म्हणाला, इतकं स्वच्छ अक्षर इथे कुणाचं येत नाही. माझी बारावी राहिली, अक्षर नाही.

८ डिसेंबर
नोटीस धुळाजीच्या बंद दाराला लागली. सुनावणीला कोण येणार? सातही नावं उडाली. जयसिंग सातनं खाली, त्याला पत्ताही नाही. आता दारोदार फिरून यांची तोंडं बघायची गरज उरली नाही.

१७ जानेवारी, मतदान, दुपारी ३
धुळाजी आणि त्याची बायको तानूबाई घरच्या पाच जणांसह आले. मेंढरं पाव्हण्यांवर सोडून, महाडहून एसटीनं. यादीत नाव नाही म्हणून बूथवरून परत.
तानूबाई थेट माझ्याकडे. "मेंबर, लेकाच्या दाखल्याला तुमी दोनदा तालुक्याला आलात. मागल्या खेपेला समद्यांनी तुमालाच दिलं. आताबी त्यासाठीच आलो. आमची नावं कुनी काढली?"
मी सहज विचारलं, मग मेंढरं जयसिंगच्या रानात कशी?
धुळाजी हसला. "खत त्याला, तांदूळ आमाला. मताचा काय संबंध?"
संबंधितांवर कारवाई करतो, असं सांगितलं.

१८ जानेवारी
तीन मतांनी पडलो. या वॉर्डाची लायकीच नाही.
जयसिंगची मिरवणूक दारावरून गेली. आईनं खिडकी लावली.

१९ जानेवारी, संध्याकाळी ६
धुळाजी आला. तालुक्याहून त्या फॉर्मची झेरॉक्स काढून आणलेली. त्याला वाचता येत नाही. म्हणाला, "गावात दुसऱ्या कुनावर इस्वास न्हाई. खाली नाव कुनाचं हाय, तेवढं सांगा, मेंबर."
कागद बराच वेळ धरला. उजेडाकडे नेला.
म्हटलं, अक्षर लागत नाही.